इंजिनाचे फेरे दाखविणारें घड्याळ : त्याची चूक कशी ओळखावी व कशी काढावी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं एखादी जुनी जीपगाडी, मोटार अगर ट्रॅक्टर असतो, आणि तो कारखान्यांतून जसा बाहेर पडला तसा आज क्वचितच राहिलेला असतो. पेट्रोलचें मूळ इंजिन झिजल्यावर तेथें डिझेलचें बसविलें जातें. डायनामोच्या जागीं अल्टरनेटर येतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालतात. गाडी चालू राहावी व खर्च आटोक्यांत राहावा ह्या दृष्टीनें ह्यांत गैर असें कांहीं नाहीं. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील वर्णनाशीं न जुळणारा फेरफार परवानगीवांचून करतां येत नाहीं, ह्यासाठीं इंजिन बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची संमति घ्यावी हें सांगून ठेवणें आमचें कर्तव्य आहे.

ह्या सर्व फेरबदलांत एका लहानशा उपकरणाची आठवण बहुधा कोणास होत नाहीं. तें उपकरण म्हणजे टॅकोमीटर, अर्थात् इंजिनाचे मिनिटास किती फेरे होतात हें दाखविणारें घड्याळ. तें बंद पडलें तर मालकाच्या तें ध्यानांत येतें व तो कानाच्या अंदाजानें काम चालवितो. परंतु कांटा हलत असून आंकडा खोटा असला तर मालक त्यावर विश्वास ठेवितो, आणि नुकसान होतें तें ह्या विश्वासामुळें होतें.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांची जीपगाडी ह्याचें चांगलें उदाहरण आहे. गाडींत पूर्वींच डिझेल इंजिन बसविलेलें असून त्याच्या अल्टरनेटरवरून फेऱ्यांचें घड्याळ चालत असे. पुढें अल्टरनेटर जळाला व मिस्त्रीनें दुसऱ्या गाडीचा जुना अल्टरनेटर बसविला. दिवे लागले, बॅटरी भरूं लागली, तेव्हां काम झालें असें सर्वांनींच मानलें. त्या दिवसापासून घड्याळाचा कांटा पूर्वींपेक्षां खालीं राहूं लागला; मालकांना वाटलें, इंजिन आतां हलकें चालतें. कांहीं आठवड्यांनीं माल भरून घाट उतरतांना त्यांनीं रिवाजाप्रमाणें दुसरा गियर ठेविला. इंजिनाची मर्यादा ४००० फेऱ्यांची व कांटा ३६०० वर, म्हणून ते निश्चिंत होते. पायथ्याशीं येतां येतां इंजिन टकटकूं लागलें. उघडून पाहतां दोन व्हॉल्व्ह वांकलेले व एक पुशरॉड मोडलेला निघाला. घड्याळ ३६०० दाखवीत होतें तेव्हां इंजिन खरोखर ४५०० फेऱ्यांनीं फिरत होतें.

कोणी विचारील कीं डिझेल इंजिनास गव्हर्नर असतांना तें मर्यादेबाहेर गेलें कसें? गव्हर्नर इंधन आंखडतो, आणि इंधनाच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनास तेवढ्यानें आळा बसतो. पण उतारावर इंजिन चाकांस फिरवीत नाहीं, चाकेंच इंजिनास फिरवितात. तेथें गव्हर्नरची मात्रा चालत नाहीं. हांकणाऱ्याचे डोळे व कान हाच काय तो गव्हर्नर. ते डोळे ज्या घड्याळावर लागलेले, तेंच खोटें सांगत होतें.

घड्याळ प्रत्यक्ष मोजतें काय?

पहिली गोष्ट ही लक्षांत ठेवावी कीं, हें घड्याळ इंजिनाचे फेरे सरळ पाहत नाहीं. इंजिनाबरोबर होणारी दुसरीच कांहीं क्रिया तें मोजतें, व त्या क्रियेचें फेऱ्यांशीं अमुक एक प्रमाण आहे असें गृहीत धरून आंकडा दाखवितें. प्रमाण बदललें तरी घड्याळास त्याची वार्ता नसते. म्हणून आपल्या गाडींतील घड्याळ काय मोजतें हें आधीं ठरविलें पाहिजे. ह्याचे मुख्य प्रकार तीन आहेत.

पहिला प्रकार केबलचा. इंजिनाकडून निघालेली फिरती केबल घड्याळांत एक लोहचुंबक फिरविते. चुंबकाभोंवतीं अल्युमिनियमची वाटी असून तिला कांटा व केसासारखी बारीक स्प्रिंग जोडलेली असते. चुंबक जितका वेगानें फिरेल तितकी वाटी ओढली जाते व स्प्रिंग तिला आवरून धरिते. जुन्या ट्रॅक्टरांवर बहुधा हाच प्रकार आढळतो.

दुसरा प्रकार ठिणगीचा. पेट्रोल इंजिनांत घड्याळाची तार इग्निशन कॉइलला जोडलेली असून तें ठिणग्या मोजतें. चार धावांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरची ठिणगी दोन फेऱ्यांत एकदां पडते; म्हणून चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर फेऱ्यास दोन, सहांच्या इंजिनांत तीन व आठांच्या इंजिनांत चार ठिणग्या पडतात. सहा सिलिंडरांचें घड्याळ चार सिलिंडरांच्या गाडीस लाविलें तर तें दोनतृतीयांशच दाखवील. खरे फेरे ३००० असतां कांटा २००० वर थांबेल. उलट केल्यास तेंच ४५०० दाखवील.

तिसरा प्रकार अल्टरनेटरचा. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. म्हणून अल्टरनेटरच्या पाठीमागें डब्ल्यू अक्षर असलेल्या टोंकावरून तार आणून तेथील विजेच्या लहरी मोजतात. अल्टरनेटरच्या एका फेऱ्यांत किती लहरी निघतात हें त्याच्या ध्रुवांच्या जोड्यांवर अवलंबून असतें, आणि इंजिनाच्या एका फेऱ्यांत अल्टरनेटर किती फिरतो हें दोन पुलींच्या व्यासांवर अवलंबून असतें. वरील जीपमध्यें इंजिनाची पुली १६० मिलिमीटर व जुन्या अल्टरनेटरची ६४ होती. म्हणजे प्रमाण अडीच. सहा जोड्यांच्या हिशेबानें इंजिनाच्या दर फेऱ्यास १५ लहरी झाल्या. नव्या अल्टरनेटरच्या जोड्या सहाच, पण पुली ८० मिलिमीटर; प्रमाण दोन झालें व लहरी १२ राहिल्या. घड्याळ पंधरांच्याच हिशेबानें चाललें, म्हणून तें शेंकडा ८० दाखवूं लागलें. मिस्त्रीचें काम दिव्यांच्या व बॅटरीच्या दृष्टीनें चोख होतें. घड्याळाचा हिशेब मात्र कोणींच पुन्हा मांडला नव्हता.

खरे फेरे मोजण्याच्या रीति

घड्याळ खरें कीं खोटें हें घड्याळाकडे पाहून कळत नाहीं. त्याच्याशीं संबंध नसलेल्या दुसऱ्या मार्गानें खरे फेरे मोजून ताडून पाहावें लागतें.

सर्वांत सोपी रीत हातांत धरावयाच्या प्रकाश-टॅकोमीटरची होय. इंजिन बंद असतांना क्रँकच्या पुलीवर चकचकीत पट्टीचा एक तुकडा चिकटवावा, इंजिन सुरू करावें व उपकरणाचा किरण त्यावर धरावा. तुकडा एकच असावा व पुलीवर दुसरी चकाकणारी जागा नसावी, नाहीं तर आंकडा दुप्पट येईल. अल्टरनेटरच्या पुलीवर पट्टी लावूं नये. आपणांस फेरे हवेत ते इंजिनाचे. हें उपकरण प्रत्येकानें विकत घेण्याचें कारण नाहीं. चार-पांच शेजाऱ्यांनीं अगर सोसायटीनें एक घेऊन ठेविल्यास सर्व गांवाचें काम भागतें.

दुसरी रीत विजेच्या दिव्याची. तिला खर्च जवळजवळ नाहीं. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें जुन्या चोकवर चालणारी नळीची बत्ती सेकंदास १००, म्हणजे मिनिटास ६००० वेळां उजळते व मंदावते. क्रँकच्या पुलीवर पांढऱ्या रंगाची एकच खूण करून सायंकाळीं त्या उजेडांत पाहिल्यास ठराविक वेगास खुणा जागच्या जागीं उभ्या दिसतात. ६००० ला दिसणाऱ्या खुणांच्या संख्येनें भागिलें कीं फेरे निघतात :

८ खुणा उभ्या दिसल्या तर — ७५० फेरे
६ खुणा — १००० फेरे
५ खुणा — १२०० फेरे
४ खुणा — १५०० फेरे
३ खुणा — २००० फेरे
२ खुणा — ३००० फेरे

खुणा पुलीच्या फिरण्याच्या दिशेनें हळूहळू सरकत असतील तर वेग थोडा अधिक आहे व उलट सरकत असतील तर थोडा कमी आहे, असें समजावें. अधिक वेगास हींच चित्रें पुन्हा दिसतात. पांच खुणा २४०० लाही दिसतील व तीन खुणा ४००० लाही. म्हणून नेहमीं मंद चालीपासून आरंभ करून वेग सावकाश वाढवीत जावें. हल्लींच्या एल.ई.डी. दिव्यांपैकीं पुष्कळांचा उजेड असा मंद-तेज होत नाहीं, तेव्हां त्यांवर ही रीत साधेलच असें नाहीं.

येथें दोन इशारे दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ह्या उजेडांत गरगर फिरणारी पुली व पंखा डोळ्यांस स्तब्ध भासतात. त्या भासानें एखाद्यानें हात पुढें केला तर बोटें गमावण्याची वेळ येईल. लहान मुलांस जवळ येऊं देऊं नये, व धोतराचा सोगा, उपरणें किंवा सैल बाही यंत्रापासून दूर ठेवावी. तसेंच बंद छपरींत इंजिन चालवूं नये, धुराचा विषारी वायु वास न येतां घात करितो. दारें सताड उघडीं ठेवावीं.

तिसरी रीत रस्त्यावरची. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून भरलेली गाडी चाकाचे पांच पूर्ण फेरे ढकलावी व अंतर मोजून त्यास पांचांनीं भागावें. समजा, ११ मीटर भरलें, तर एका फेऱ्यास २.२ मीटर. डिफरन्शियलचें प्रमाण पुस्तकांत सांपडतें, विलीजच्या सी.जे.-३बी जीपमध्यें तें मुळांत ५.३८ असतें, पण आपल्या गाडीचा आंसही बदललेला नाहीं ना, ह्याची खात्री करून घ्यावी. सपाट रस्त्यावर टॉप गियरमध्यें एकसारख्या वेगानें दोन किलोमीटर-दगडांमधील अंतर किती सेकंदांत तोडलें हें सोबतच्या माणसानें मोजावें. हांकणाऱ्यानें नजर रस्त्यावरच ठेवावी. ८० सेकंद लागले असें धरूं. १००० ला २.२ नें भागून ५.३८ नें गुणिलें म्हणजे इंजिनाचे सुमारे २४४५ फेरे झाले. ते ८० सेकंदांतले, म्हणून मिनिटास सुमारे १८३४. त्या वेळीं घड्याळ १४७० च्या आसपास दाखवीत असेल तर तें शेंकडा ८० सांगतें हें उघड झालें. टॉप गियर सरळ, म्हणजे एकास एक, असलेल्या गाडीसच हा हिशेब लागू पडतो.

चुकीची जात ओळखणें

एका ठिकाणीं चूक सांपडली म्हणून लगेच घड्याळ उघडण्यास बसूं नये. मंद चाल, मध्यम चाल व जोराची चाल अशा निदान तीन ठिकाणीं खरा आंकडा व घड्याळाचा आंकडा शेजारीं शेजारीं लिहावा. त्या कागदावरून चुकीची जात कळते, व जात कळली कीं उपाय आपोआप समोर येतो.

खरे फेरे १०००, २०००, ३००० असतां घड्याळ ८००, १६००, २४०० दाखवीत असेल, तर प्रमाण सर्वत्र तेंच आहे. अशी चूक मोजणीच्या गृहीतांतील होय : पुली बदलली, अल्टरनेटर बदलला, अगर सिलिंडरांची संख्या जुळत नाहीं. केबलच्या घड्याळांत जुना चुंबक क्षीण झाल्यानेंही अशीच चूक येते.

घड्याळ १२००, २२००, ३२०० असें दाखवीत असेल, तर सर्वत्र २०० चीच वाढ आहे. ह्यांत प्रमाण बिघडलेलें नसून कांटा आपल्या जागेवरून सरकला आहे. इंजिन बंद असतांना कांटा शून्यावर येतो कीं नाहीं हें पाहावें. मात्र कांहीं घड्याळांत शून्यापाशीं अटकाव असतो, म्हणून एवढ्यावरच निर्णय करूं नये.

कांटा थरथरत असेल, मधूनच पडत असेल, किंवा दिवे लाविल्याबरोबर आंकडा बदलत असेल, तर ती चूक हिशेबाची नव्हे, जोडणीची आहे. तसेंच अल्टरनेटरच्या घड्याळांत दिवे व पंखे एकदम लाविले असतां आंकडा उतरला, पण इंजिनाचा आवाज उतरला नाहीं, तर पट्टा घसरतो आहे असें जाणावें.

उपाय

जोडणीच्या चुकीपासून आरंभ करावा, कारण ती स्वस्तांत निघते. केबलचें घड्याळ थरथरत असेल तर केबल बाहेर काढून तिचीं चौकोनी टोकें झिजलीं आहेत काय तें पाहावें. झिजलीं असल्यास केबल बदलावी. ठीक असल्यास पुसून स्वच्छ करावी व खालच्या दोनतृतीयांश भागास ग्रीसचा पातळ हात द्यावा. घड्याळाकडील भाग कोरडा ठेवावा. नाहीं तर ग्रीस फिरत फिरत घड्याळांत चढतें व वाटी चिकटून बसते. केबल बसवितांना तिला कोठेंही तीव्र वांक येऊं देऊं नये.

विजेच्या घड्याळांत पहिला संशय अर्थिंगचा घ्यावा. फेरबदल केलेल्या गाडींत दिवे, भोंगा व घड्याळ ह्यांची अर्थिंग एकाच गंजलेल्या स्क्रूवर आणून बांधलेली पुष्कळदां आढळते. दिवे लागतांच तेथील दाब बदलतो व कांटा नाचतो. घड्याळाची अर्थिंग स्वतंत्र तारेनें बॅटरीच्या ऋण टोंकापर्यंत न्यावी. पेट्रोल गाडींत घड्याळाची तार ठिणगीच्या जाड तारांपासून दूर ठेवावी. पट्टा घसरत असेल तर तो ताणावा, आणि तडे गेले असल्यास नवा घालावा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातल्यापासून घड्याळ बिघडलें असेल तर त्याचें कारण निराळें असतें. १९६० ते १९७० च्या दरम्यानच्या कांहीं ब्रिटिश मोटारींत, उदाहरणार्थ एम.जी.बी. मध्यें, कॉइलकडे जाणाऱ्या तारेचा फांस घड्याळांतून नेलेला असून तें त्या तारेंतील प्रवाहाचे ठोके मोजतें. नव्या इग्निशनचे ठोके निराळ्या तऱ्हेचे असल्यामुळें असें घड्याळ गप्प होतें अगर भलतेंच सांगतें. धन टोंक अर्थ असलेली जुनी गाडी ऋण अर्थची केली असतांही तोच अनुभव येतो. ह्यास उपाय म्हणजे घड्याळाच्या कारागिराकडून आंतील मंडळ बदलून घेणें हाच होय. कांहीं इग्निशन-पेट्यांतून मंद चालीस दर वेळीं एकाऐवजीं अनेक ठिणग्या सोडतात. अशा पेटीस घड्याळाकरितां स्वतंत्र टोंक दिलेलें असतें, तेथेंच तार जोडावी, कॉइलला जोडूं नये.

कांटा सरकला असल्यास तो उपटून पुन्हा बसविण्याचा मोह आवरावा. त्याखालची स्प्रिंग केसाहून नाजूक असते व एकदां वांकली कीं घड्याळ कायमचें गेलें. हें काम कारागिराचें आहे.

आतां राहिली प्रमाणाची चूक. घड्याळाच्या पाठीमागें चार, सहा, आठ असे आंकडे असलेली कळ आहे काय तें प्रथम पाहावें. पुष्कळदां सर्व दोष तेवढ्या एका कळीचा असतो. अल्टरनेटरच्या नव्या घड्याळांत दर फेऱ्यास किती लहरी हा आंकडा भरतां येतो. तो काढण्यासाठीं पुलींचे व्यास फूटपट्टीनें मोजण्यापेक्षां, इंजिन बंद करून, गियर न्यूट्रलमध्यें ठेवून, क्रँक हातानें दहा फेरे फिरवावा व अल्टरनेटर किती फिरला तें मोजावें; पट्टा पुलींत किती खोल बसतो ह्याचा हिशेब त्यांत आपोआप येतो. मिळालेल्या प्रमाणास ध्रुवांच्या जोड्यांनीं गुणावें. जोड्यांतही फरक असूं शकतो हें विसरूं नये. सहांच्या जागीं आठ जोड्यांचा अल्टरनेटर आला तर पुली तीच असूनही घड्याळ एकतृतीयांश अधिक दाखवील.

घड्याळ जुनें असून त्यांत असा कांहीं बदल करतां येत नसेल, तर जुन्या अल्टरनेटरची पुली नव्यावर चढते काय तें पाहावें. दांड्याचा व्यास व पट्ट्याची खांच जुळली, पट्टा सरळ रेषेंत राहिला, व ध्रुवांच्या जोड्या त्याच असल्या तर चूक मुळासकट जाते. वरील बागायतदारांनीं अखेर हेंच केलें. जळालेला अल्टरनेटर भंगारांत पडला होता. त्याची पुली काढून बसविण्यास एक तासही लागला नाहीं. ह्याच्या आधीं झालेला इंजिनाचा खर्च मात्र परत आला नाहीं.

तेंही साधत नसेल तर शेवटचा उपाय प्रत्येकाच्या हातचा आहे. घड्याळ आहे तसें राहूं द्यावें व त्याची चूक लिहून ठेवावी. प्रमाण शेंकडा ८० असेल तर घड्याळाचे १२०० म्हणजे खरे १५००, १६०० म्हणजे २०००, २४०० म्हणजे ३०००, ३२०० म्हणजे ४०००, असा तक्ता करून घड्याळाखालीं चिकटवावा, आणि खऱ्या मर्यादेच्या जागीं कांचेवर तांबडी रेघ ओढावी. चूक ठाऊक असलेलें घड्याळ हें खऱ्या घड्याळाइतकेंच उपयोगी असतें. मात्र चूक स्थिर असेल तरच हा उपाय करावा. जोडणी सैल असतांना ओढलेली रेघ ही नवी फसवणूकच ठरेल.

ट्रॅक्टर बाळगणारांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगें

जीपगाडींत ही चूक घाटांत बाधते. ट्रॅक्टरमध्यें ती रोजच्या कामांत बाधते. पी.टी.ओ. चा दांडा मिनिटास ५४० फेरे फिरावा ह्या हिशेबानें मळणी यंत्र, रोटाव्हेटर, फवारणीचा पंप इत्यादि अवजारें बनविलेलीं असतात, व त्यासाठीं इंजिन किती फेऱ्यांवर ठेवावें हें ट्रॅक्टरच्या पुस्तकांत व पुष्कळदां घड्याळावरही दाखविलेलें असतें. समजा, तो आंकडा १५०० आहे. घड्याळ शेंकडा ८० दाखवीत असेल तर कांटा १५०० वर आणण्यासाठीं आपण इंजिन १८७५ वर नेऊं, व पी.टी.ओ. ५४० ऐवजीं ६७५ फिरेल. वेग सव्वापट झाला. परंतु फिरत्या भागांस बाहेर फेंकणारा जोर वेगाच्या वर्गानें वाढत असल्यामुळें तो दीडपटीहूनही अधिक होतो. मळणींत दाणा फुटतो, बेअरिंगें तापतात, व सैल झालेलें पातें निसटलें तर जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततें. ट्रॅक्टरवर जनित्र चालवीत असल्यास ५० आवर्तनांच्या जागीं ६२ पेक्षां जास्त आवर्तनें होऊन त्यावरील पंप व मोटारी धोक्यांत येतात.

उलट, लहान पुलीमुळें घड्याळ शेंकडा १२० दाखवीत असेल, तर कांटा १५०० वर असतांना इंजिन १२५० व पी.टी.ओ. ४५० वरच राहील. दाणा नीट सुटत नाहीं, पंख्याचा वारा कमी पडून भुसा धान्यांत येतो, आणि मालक यंत्रास किंवा मजुरास दोष देत बसतो.

आणखी एक गोष्ट तासांच्या आंकड्याची. केबलवर चालणारा तासांचा मोजक वस्तुतः वेळ मोजीत नाहीं, फेरे मोजतो. ठराविक वेगास मात्र त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाबरोबर असतो. १५०० फेऱ्यांच्या हिशेबाचा मोजक असून इंजिन २००० वर चालविलें तर पाऊण तासांतच त्याचा एक तास भरतो. मंद चालीस तो मागें राहतो. केबल तुटून वर्षभर पडली असेल तर त्या वर्षाचे तास त्यांत मुळींच येत नाहींत. म्हणून जुना ट्रॅक्टर विकत घेतांना केवळ ह्या आंकड्यावर भरंवसा ठेवूं नये, व तेल बदलण्याची तारीख वहींत लिहीत जावी.

सारांश, जुन्या गाडींत अल्टरनेटर, पुली, इग्निशन, केबल अगर इंजिन ह्यांपैकीं कांहींही बदललें, तर त्याच दिवशीं फेऱ्यांचें घड्याळ दुसऱ्या मार्गानें एकदां पडताळून पाहावें, आणि तीन ठिकाणचे आंकडे गाडीच्या वहींत लिहून ठेवावे. धान्य मोजतांना मापाचा तळ आपण आधीं उलटून पाहतों. तशीच संवय ह्या मापाच्या बाबतींतही आमच्या शेतकरी बंधूंनीं लावून घ्यावी. त्यास अर्धा तास लागतो. तो न दिल्यास काय पडतें, हें वरील घाटांतल्या हकीकतीवरून दिसून येईलच.